पाठचा भाऊ

विदर्भातल्या त्या शेतकऱ्याला गावातली माणसं पोटुशी बाई म्हणून चिडवत. वय छत्तीस, अंगकाठी बेताची आणि पोट मात्र नववा महिना लागल्यासारखं. थट्टा वर्षानुवर्षं चालली आणि त्याने ती सोसली. शेवटी श्वास घेणंही अवघड झालं तेव्हा, जून १९९९मध्ये, तो मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पोहोचला. कर्करोगाचंच रुग्णालय ते. पोटात प्रचंड गाठ असणार, हा डॉक्टरांचा अंदाज साहजिक होता. पोट उघडून सर्जनने आत हात घातला, तर हाताला हाडं लागली. मग एक पाय आला, मग दुसरा, मग हात, केस, जबड्याचा तुकडा.

महाभारतातल्या युवनाश्व राजाने राणीसाठी मंतरून ठेवलेलं पाणी रात्री तहानेच्या भरात पिऊन टाकलं आणि पुढे त्याची डावी कूस फोडून मांधाता जन्मला. मांधाता चक्रवर्ती झाला. शेतकऱ्याच्या पोटातून निघालं ते रडलं नाही, त्याने श्वास घेतला नाही. त्याला कोणी नावही ठेवलं नाही.

वैद्यकात याला ‘फीटस इन फीटू’ म्हणतात, म्हणजे गर्भातला गर्भ. मेकेल या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी याचं वर्णन केलं. साधारण पाच लाख जन्मांमागे एक, असं प्रमाण सांगितलं जातं. बहुतेकांचं मत असं की ही मुळात एकाच बीजापासून झालेली जुळी. वाटणी विषम होते, एक भराभर वाढतो आणि दुसरा त्याच्या पोटाच्या घडीत मिटला जातो. तिथे तो पहिल्याच्याच रक्तावर जगतो; खरं तर जगतो म्हणावं की नुसता वाढतो म्हणावं, वादाला सुरुवात इथूनच होते. त्याची जागा बहुधा आतड्यांच्या मागे, पाठीच्या बाजूला असते. धाकट्या भावाला आपण ‘पाठचा’ म्हणतो. इथे तो शब्दशः पाठीशी जाऊन बसलेला असतो.

निदान कसं होतं, हे पाहण्यासारखं आहे. पोटातल्या गाठीत केस, दात, हाडं सापडणं ही सर्जनला नवलाई नाही. ‘टेराटोमा’ नावाच्या गाठीत हे सगळं असू शकतं, आणि त्या नावाच्या मुळाशी राक्षस या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मग गाठ कुठली आणि गर्भ कुठला? विसाव्या शतकात विलिस या विकृतिशास्त्रज्ञाने कसोटी दिली ती पाठीच्या कण्याची. एक्स-रेत किंवा सीटी स्कॅनमध्ये मणक्यांची ओळ दिसली आणि तिच्याभोवती अवयवांची काही रीतसर मांडणी असली, तर तो गर्भ, नाहीतर गाठ. म्हणजे मणके दिसले की भाऊ, न दिसले की राक्षस! ही कसोटीही सगळ्यांना पटलेली नाही. ज्याला भाऊ म्हणताय तीही फार पुढे गेलेली गाठच आहे, असं मानणारे डॉक्टर आहेत. शिवाय काही वेळा मणके इतके अर्धवट असतात की स्कॅनमध्ये उमटतच नाहीत. नात्याचा निकाल फिल्मवर लागावा आणि फिल्म अस्पष्ट निघावी, अशी ही गत.

जुळ्यांतला एक मोठा आणि दुसरा खुरटा का होतो, हा प्रश्न चरकसंहितेला पडला होता. शारीरस्थानात त्याचं उत्तर दोन कारणं जोडून दिलं आहे: शुक्र आणि शोणित यांची असमान वाटणी, आणि कर्म. पहिलं कारण आजच्या भ्रूणशास्त्राला फारसं परकं वाटणार नाही. दुसऱ्याने मात्र पेच वाढतो. कर्म म्हटलं की ते कोणाचं तरी असावं लागतं. याच ग्रंथात गर्भाची व्याख्या शुक्र, शोणित आणि जीव यांचा कुशीतला संयोग अशी आहे. तेव्हा मिटून गेलेल्या जुळ्यालाही जीव होता असं धरलं, तर तो छत्तीस वर्षं त्या अंधारात कसलं फळ भोगत होता? नव्हता असं धरलं, तर जीवावाचून एवढे हातपाय वाढले कसे?

सुश्रुत दुसरीकडून येतो. त्याच्या मते चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, आणि हृदय हे चेतनेचं स्थान असल्यामुळे तेव्हापासून गर्भाला इच्छा होऊ लागतात. त्या वेळी स्त्रीच्या देहात दोन हृदयं असतात, म्हणून ती दौहृदिनी. आपला ‘डोहाळे’ हा शब्द याच कुळातला. चिंचा-बोरांच्या मागे केवढं तत्त्वज्ञान दडलं आहे! पण ही कसोटी इथे उपयोगी पडते. गर्भातल्या गर्भाला चालतं हृदय जवळजवळ कधीच नसतं आणि मेंदू असलाच तर नावापुरता. त्या शेतकऱ्याच्या देहात हृदय एकच होतं. चिडवणाऱ्यांनी काहीही म्हटलं तरी सुश्रुताच्या हिशेबाने तो दौहृदी नव्हता. बोटं आणि केस पाहून आपण हळहळतो, पण आकार म्हणजे कोणीतरी असणं नव्हे. या वादात सुश्रुताची बाजूच बळकट वाटते.

ख्रिस्ती जगात हा प्रश्न एकदा थेट सुरीखाली आला. १५३३ साली हिस्पॅनिओला बेटावर पोटाशी जोडलेल्या दोन मुली वारल्या. बाप्तिस्मा दोघींचा झाला होता, पण आत्मे दोन होते की एकच, ही शंका उरली. म्हणून शवविच्छेदन केलं. आत अवयवांचे दोन संच निघाले आणि आत्मे दोन, असा निर्वाळा मिळाला. पुढे १६१७मध्ये जिनोव्हात जन्मलेल्या लाझारस कोलोरेडोच्या छातीपोटाशी त्याचा अर्धामुर्धा भाऊ लोंबत असे. डोळे मिटलेले, तोंड उघडं, खाणंपिणं सगळं लाझारसच्या जिवावर. त्यालाही जोआन्नेस बाप्तिस्ता असं नाव मिळालं. तो बाहेर होता, लोकांना दिसत होता. आत राहिलेल्याला एवढाही मान नाही.

जीव गर्भधारणेच्या क्षणीच येतो असं मानणाऱ्यांना सगळीच एकबीज जुळी अडचणीची. बीज एक, जीव एक, आणि काही दिवसांनी देह दोन. मग जिवाची फोड झाली का? ब्रिटनमधल्या वॉर्नॉक समितीने १९८४मध्ये प्रयोगशाळेतल्या मानवी भ्रूणासाठी चौदा दिवसांची मर्यादा सुचवली, त्यामागे हाही विचार होता: साधारण त्या सुमारास कण्याची पहिली रेघ उमटते आणि त्यानंतर एकाचे दोन होण्याची शक्यता जवळपास संपते. पुन्हा कणाच! जैन विचाराला मात्र या गणिताचा त्रास नाही. कंदमुळांत एकाच देहात अनंत जीव राहतात असं तिथे मानतात, त्यामुळे एका पोटात दुसरा जीव निघाल्याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही.

धर्मशास्त्रकारांना व्यवहाराची घाई असते. मनुस्मृतीने गर्भ गळाल्यावर जितके महिने भरले असतील तितक्या रात्रींचं अशौच सांगून हिशेब मिटवला. पण इथे महिने कुठून मोजायचे? आणि अशौच कोणाला? ज्याच्या पोटातून निघाला त्याला, की दोघांची आई जी होती तिला?

जानेवारी २०२५मध्ये बुलढाण्याच्या सरकारी स्त्री रुग्णालयात आठव्या महिन्यातल्या एका गर्भवतीची सोनोग्राफी चालू होती. गर्भाच्या पोटात भलत्या ठिकाणी हाडं दिसली. जन्मानंतर अवघ्या काही दिवसांच्या त्या बाळावर फेब्रुवारीत अमरावतीत शस्त्रक्रिया झाली आणि पोटातून एक नव्हे, दोन गर्भ निघाले. आईच्या पोटात बाळ, बाळाच्या पोटात दोघं. त्या आईच्या बाळंतपणात किती मुलं धरायची, हे तिच्या घरच्यांनी काय ठरवलं असेल ते असो. दवाखान्याच्या नोंदीत जन्म एकच.

सर्जनला अशा वेळी जीव-आत्म्याचा विचार करायला सवड नसते, आणि नसलेलीच बरी. हा गोळा मोठ्या रक्तवाहिन्यांना, मूत्रपिंडाला, आतड्याला खेटून बसलेला असतो. त्याला रक्त पुरवणारी नस शोधून बांधायची, भोवतीची पिशवी शक्यतो सगळी सोलून काढायची. पिशवीचा तुकडा आत राहिला आणि पुढे तिथे कर्करोगाची गाठ झाली, असंही घडलेलं आहे. म्हणून नंतर काही काळ रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी चालू ठेवतात. ज्याला आपण भाऊ म्हणत होतो तो इथे निव्वळ धोका असतो, आणि डॉक्टरची सगळी माया वाचणाऱ्याकडे असते. असायलाच हवी.

काढलेलं पुढे कुठे जातं? जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनुसार मानवी अवयव आणि जगण्याजोगे न झालेले गर्भ पिवळ्या पिशवीत जातात आणि तिथून भट्टीत किंवा खोल पुरायला. दात न आलेलं मूल जाळू नये, पुरावं, असा आपल्याकडचा रिवाज. नियमाला तो ठाऊक नाही, तरी पुरण्याचा पर्याय त्यातही आहे. पिवळ्या पिशवीआधी मात्र एक मुक्काम असतो. विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बरणीत तो गोळा जातो, तिथे मणके मोजतात, काप घेतात. बरणीवर चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर नाव असतं ते ऑपरेशन झालेल्याचं. नवजात बाळ असेल तर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. तारीख, नोंदणी क्रमांक, अवयव. अवयवाच्या रकान्यात कोणीतरी घाईच्या अक्षरात लिहितं: पोटातला गोळा.