उजेडाचा धुरा

“उजेडानं कधी कुणाचं वाकडं झालंय का?” लोधीखेड्यातल्या एका शेतकऱ्यानं फटकन विचारलं आणि ते डोक्यातून जाईना. त्याच्या गोठ्यावरचा हॅलोजन रात्रभर शेजारच्या सोयाबीनवर जळतो.

उजेडाचे फायदे सांगत बसत नाही. पण सोयाबीनला फुलोऱ्यावर यायला लांब, काळोखी रात्र लागते. सतत उजेड मिळाला की ते नुसतं वाढत राहतं. बाकी वावर पिवळं पडून पानगळ झाली, तरी दिव्यासमोरचा पट्टा हिरवागार असतो आणि शेंगा कोवळ्या. सोंगणीला तो पट्टा मागं ठेवावा लागतो. वाकडं होतं ते हे.

धुऱ्याचं मोल आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. परक्याचा बैल पिकात शिरला तर १८७१ च्या कायद्यानं कोंडवाडा आहे. आवाजालाही धुरा आहे: २००० च्या नियमांनुसार खासगी जागेतला भोंगा हद्दीवर त्या भागाच्या मानकापेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाजता कामा नये. उजेड मात्र हद्दीवर कुणी मोजत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये लेझर झोतांविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयानं निकाली काढली, तेव्हाही खास कायदा नसल्याचाच मुद्दा आला. सार्वजनिक उपद्रव म्हणून एसडीएमकडे जावं, तर त्रास एकाच वावराचा. उरतो दिवाणी दावा. सोयाबीनच्या चार ओळींसाठी कोर्टाच्या तारखा कोण करणार?

मग दहानंतर दिवे बंद, असा नियम करावा, हे माझ्या मनात पक्कं होत आलं होतं. पण हॅलोजन हौसेनं लागत नाही. रानडुकरं येतात, मोटारीची वायर चोरीला जाते. त्या शेतकऱ्याची भीती खरी आहे. फक्त गोठ्यावर पडणारा उजेड आणि शेजाऱ्याच्या वावरात जाणारा उजेड एकाच दिव्याचे असले, तरी त्याचा हक्क पहिल्यावरच आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातलं पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं. त्यासाठी सिल्लारी, खापा ही गावं अंधारात ढकलली नाहीत. जमिनीकडे तोंड असलेले दिवे बसवले.

म्हणून वेळेचं बंधन नको, दिशेचं हवं. लोधीखेड्याच्या नगर परिषदेनं आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी ठराव घ्यावा: दिव्याला टोपी, तोंड खाली, उजेड धुऱ्याच्या आत. आणि सुरुवात वस्तीच्या कडेला वावरांना लागून असलेल्या सरकारी खांबांपासून करावी, पुढच्या खरिपाआधी.