पाचवे चित्र

सतराव्या शतकात युरोपातल्या राजेरजवाड्यांनी स्वतःची घोड्यावरची भव्य चित्रे काढून घेतली. त्यांत घोडा असतो तो धन्याला उंच दाखवण्यापुरता. बघणाऱ्याची नजर जाते ती राजाकडेच. त्याच काळात डच प्रजासत्ताकात मात्र चित्रे विकत घेत होते ते व्यापारी आणि कारागीर. त्यांच्या घरातल्या भिंतींवर निसर्गचित्रे लागली, आणि त्या निसर्गात रोज राबणारा घोडाही आला. तो नांगराला जुंपलेला असे, गाडीला असे. १६३२ मध्ये आम्स्टरडॅम ते हार्लेम असा प्रवासी कालवा सुरू झाला, तेव्हा काठाकाठाने चालत दोराने होड्या ओढू लागला तोही घोडाच.

हार्लेमच्या फिलिप्स वॉवरमनने जन्मभर घोडे रंगवले. नाल ठोकून घेणारे, खाणावळीच्या दारात दम खाणारे, शिकारीला निघालेले, लढाईच्या धुरात उधळलेले. साधारण १६४६ मध्ये त्याने काढलेले एक छोटे चित्र आम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. वाळूच्या उंचवट्यावर एक पांढरा घोडा उभा आहे. पाठीवर स्वार नाही. मुलूख सपाट, क्षितिज पार खाली. त्यामुळे त्या साध्या जनावराचे सगळे अंग आभाळावर उठून दिसते. इतर ठिकाणी जी जागा राजाला मिळाली असती, ती इथे घोड्याला मिळाली आहे.

पण मला अधिक मोठा वाटतो तो पाउलस पॉटर. १६५२ मध्ये त्याने घोड्यांची पाच चित्रे तांब्याच्या पत्र्यांवर सुईने रेखली, पत्रे तेजाबात बुडवून त्या रेषा खोल केल्या आणि कागदावर छापल्या. एकात फ्रीजलंडचा तगडा घोडा आहे, एकात मान उंच करून खिंकाळणारा. एकाची शेपटी आखूड छाटलेली आहे. आणखी एका चित्रात नांगराचे दोन घोडे आहेत. आणि पाचव्यात एक हाडे वर आलेला, थकलेला घोडा कसाबसा उभा आहे. त्याच्याजवळ दुसरा मरून पडला आहे.

हे पाचवे चित्र काढले नसते, तरी कोणाची तक्रार नव्हती. उमद्या जनावरांची चार चित्रे पुरेशी होती. पॉटरने तरीही ते काढले, आणि विशेष म्हणजे हात आखडता घेतला नाही. तगड्या घोड्याच्या आयाळीसाठी जी सुई, तीच या घोड्याच्या फासळ्यांसाठी. जेवढे बारकाईने बळ पाहिले, तेवढेच बारकाईने बळ ओसरणेही पाहिले. तेव्हा तो तिशीच्याही आत होता; पुढे १६५४ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

आपण पहिल्या चार चित्रांवर सहज प्रेम करतो. माणसांच्या बाबतीतही तसेच. कमावत्या माणसाला घरात मान असतो, हुद्द्यावरच्या माणसाला दहा जण नमस्कार करतात. तोच माणूस काम थांबवून खुर्चीत बसला, की त्याचे बोलणे आपल्याला लांबलेले वाटू लागते. औषधपाणी होते, जेवण वेळेवर मिळते. कमी होते ते लक्ष. त्याच्याकडे पाहिले, की आपल्यालाही त्याच वाटेने जायचे आहे हे आठवते, म्हणून आपण घाईने दुसरीकडे बघतो.

घरात, शेजारी, गोठ्यात असे कोणी तरी असतेच. त्याच्यासाठी मोठे काही करण्याआधी, थोडा वेळ थांबून त्याला नीट पाहावे. आज त्याला काय जमते, काय दुखते, त्याचे मन कशात रमते, हे जाणून घ्यावे. कोणी कामाला येईनासा झाला म्हणून त्याचे मोल संपत नाही, असे आपण म्हणतो. ते खरे करायचे, तर आधी नजर चुकवणे सोडायला हवे.