दोन भूतकाळ आणि एक जुना वाद

स्पॅनिश शिकताना दोन भूतकाळांपाशी अनेकांची गाडी अडते. एक पूर्ण: काम झालं, हातावेगळं झालं. दुसरा अपूर्ण: काहीतरी चालू होतं, कधी सुरू झालं, कधी संपलं याची चौकशी नाही. शिकणाऱ्याला हे पाठ करायचे तक्ते वाटतात. बायबल हातात घेतलं की प्रश्न देवापर्यंत जातो.

आजच्या स्पॅनिश बायबलात देव सृष्टी निर्माण करतो ते पूर्ण भूतकाळात, ‘क्रेओ’. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी मात्र ‘शब्द’, म्हणजे देवाचा पुत्र ख्रिस्त, ‘होता’ हे सांगताना ‘एरा’ येतं, अपूर्ण. कासिओदोरो दे रेइनाने 1569 साली छापलेल्या भाषांतरात त्याआधी ‘या’, म्हणजे ‘आधीच’, हेही जोडलं. शंकेला जागाच नको!

शंका तशी जुनी. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणे, पुत्र निर्माण झालेला आहे, म्हणजे त्याला आरंभ आहे. 325 साली निकेयाच्या परिषदेने हे मत फेटाळलं. त्याच शतकात पुढे धर्मोपदेशक क्रिसोस्तोमने प्रवचनांत योहानाच्या मूळ ग्रीक क्रियापदावर बोट ठेवलं: तिथे ‘होता’ आहे, ‘झाला’ नाही.

युक्तिवाद देखणा आहे, पण पुरेसा नाही. ‘नऊ वाजले होते’ हेही स्पॅनिश माणूस अपूर्ण भूतकाळातच सांगतो, आणि नऊ काही अनादी नसतात. अपूर्ण रूप आरंभ नाकारत नाही. त्याबद्दल गप्प बसतं.

त्यापेक्षा स्पेलिंगचा धडा या वादाला जवळचा. ‘बुस्कार’ म्हणजे शोधणे. ‘मी शोधलं’ म्हणताना ‘बुस्के’. इथे ‘सी’ हे अक्षर तसंच ठेवलं तर पुढच्या ‘ए’मुळे ‘क’चा उच्चार टिकत नाही. म्हणून ‘सी’ जातं, ‘क्यू’ आणि ‘यू’ येतात. अक्षर बदलतं ते ध्वनी तोच राहावा म्हणून.

निकेयाने वेगळं काय केलं? पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे हे सांगायला परिषदेने निवडलेला ग्रीक शब्द बायबलात कुठेच नाही. विरोधकांनी तेच धरून ठेवलं. परिषदेची बाजू लढवणाऱ्या अथानासियसचं म्हणणं: शब्द नसेल, अर्थ तिथलाच आहे. पण ‘बुस्के’चा ध्वनी टिकला का हे कानाला लगेच कळतं. अर्थ टिकला का, यावर मात्र 381 साली कॉन्स्टँटिनोपलला दुसरी परिषद भरेपर्यंत बिशप भांडत राहिले.