कुंपण आणि सीमा

कुंपण मोडले तर ते दुरुस्त करावे. त्यात विचार करण्यासारखे काय आहे, असे पुष्कळांना वाटेल. मलाही तसेच वाटत होते. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईवर आदळले आणि शहरातील हजारो झाडे आडवी झाली. त्यांत अड्यारच्या आमच्या घराशेजारचा गुलमोहरही होता. शेजाऱ्यांच्या अंगणातला तो वृक्ष आमच्या कुंपणावर कोसळला. सुरूचे वासे मोडले, काटेरी तार चिखलात गेली. चार दिवसांनी शेजारचे वृद्ध गृहस्थ स्वतः आले. इकडच्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना मामा म्हणतो. ते म्हणाले, “झाड आमचे, तेव्हा खर्चही आमचा.”

काम सुरू झाले. नव्या वाशांना आतून टेकू देण्यासाठी खड्डा घेताना मजुराची पहार एका दगडावर वाजली. माती दूर केली तो भूमापनाचा जुना दगड निघाला. तो कुंपणाच्या रेषेत नव्हता. आमच्या बाजूस चांगला दीड हात आत होता. खरेदीखत काढून मापे ताडून पाहिली. दगड खोटे बोलत नव्हता. वडिलांनी त्या वेळच्या मद्रासमध्ये हे घर घेतले, तेव्हापासून पन्नासांहून अधिक वर्षे आमचे कुंपण दुसऱ्याच्या जमिनीत उभे होते.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमावादाचा विचार आहे. सीमेवर वड, पिंपळ, ताड यांसारखी झाडे लावावीत आणि शिवाय दगड, कोळसे, खापऱ्या, विटा अशा वस्तू जमिनीत गुप्तपणे पुरून ठेवाव्यात, असे तेथे सांगितले आहे. कारण सीमेविषयी माणसांचा नेहमी घोटाळा होतो. स्मृतिकारांना माणूस चांगला ठाऊक होता. आमच्या सीमेवरचे उघडे झाड पडले आणि पुरलेला दगड बोलू लागला.

पण तो ऐकला कोणी? मी आणि एका मजुराने. खड्डा बुजवला असता तर कोणाला कळले असते? मन वकिली करू लागले. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे, मालकाच्या हक्काविरुद्ध १२ वर्षे उघड व अखंड ताबा राहिला, तर मूळ मालकाचा दावा संपुष्टात येऊ शकतो. दुसरी अडचण अधिक नाजूक होती. वडील व्यवहारात अतिशय चोख समजले जात. त्यांनी हे चुकून केले की जाणून, हे सांगणारे आता कोणी नाही. मी तोंड उघडले तर त्यांच्या नावाला बट्टा लागणार. परंतु मी गप्प राहिलो, तर जी कदाचित त्यांची चूक होती, ती माझी चोरी होणार. अजाणता झालेली गोष्ट कळल्यानंतर अजाण राहत नाही. तमिळमध्ये कुंपणाला ‘वेलि’ म्हणतात. आणि कुंपणच शेत खाते ही आपली म्हण तमिळ माणूसही जवळजवळ त्याच शब्दांत सांगतो. त्या रात्री ती म्हण मला दोन्ही भाषांत ऐकू आली.

सकाळी मी मामांना दगड दाखवला. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, “इतकी वर्षे गेली. होते तेथेच बांधा.”

मला मोह झाला, हे कबूल केले पाहिजे. सांगण्यापूर्वी ती जमीन लाटलेली होती. आता ती दिलेली ठरत होती. तोच दीड हात, पण मध्ये एक वाक्य बोलले गेले होते. तरीही मी नको म्हटले. मामांचा शब्द त्यांच्या नातवंडांना ठाऊक नसेल, आणि माझ्या मुलांना ती जमीन आपलीच वाटेल. ज्याला साक्षीदार उरणार नाही असे औदार्य पुन्हा चुकीच्याच रेषेत उभे राहते.

कुंपण दगडाच्या रेषेत झाले. खर्च आम्ही निम्मा निम्मा केला. आईने लावलेला मोगरा त्या दीड हातात होता. तो आता पलीकडे गेला. उन्हाळ्यात तो बहरला की मनाला चुटपुट लागते. ती लागावी हेही ठीकच. जे सोडताना काहीच वाटत नाही, ते सोडण्यात धर्म तो कितीसा?