विस्मरण आणि क्षमा

दरवर्षी १७ सप्टेंबर उजाडला की हुमनाबाद परिसरातील आपल्या जुन्या मराठी घरांतून रझाकारांच्या आठवणी निघतात. रातोरात घर सोडून सोलापूरच्या वाटेला लागलेले पूर्वज, परतल्यावर दिसलेले ओसाड वाडे हे सारे नातवंडांनाही पाठ असते. बसवकल्याण तालुक्यातील गोरटा येथे मे १९४८ मध्ये रझाकारांनी केलेल्या हत्याकांडाचे स्मरण तर आजही ताजे आहे. या आठवणी खऱ्या आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत.

परंतु आपली कथा नेमकी १७ सप्टेंबरपाशीच थांबते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरले आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या दिवसांविषयी घरात कुणी बोलत नाही. त्या वर्षअखेरीस पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखालील मंडळाने संस्थानात फिरून सरकारला अहवाल दिला. किमान २७ ते ४० हजार माणसे, प्रामुख्याने मुसलमान, मारली गेली असावीत आणि सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या जिल्ह्यांत झाली, असा त्याचा निष्कर्ष होता. सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. २०१३ च्या सुमारास तो सर्वांसमोर आला. आकड्यांविषयी वाद होऊ शकेल. आपल्या मौनाविषयी मात्र वाद नाही.

हे मौन नीतीला धरून आहे काय? त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना पुन्हा त्याच बाजारात, त्याच शेजाऱ्यांसमवेत जगायचे होते. प्रत्येकाने हिशेब मागितला असता, तर वैर पिढ्यान्‌पिढ्या चालले असते. त्या पिढीचे मौन हे तिचे शहाणपणच होते.

तथापि विस्मरण म्हणजे क्षमा नव्हे. क्षमा करणाऱ्याला काय क्षमावयाचे हे ठाऊक असावे लागते, आणि मागणाऱ्यालाही. एका घरचे मौन भयातून येते, दुसऱ्या घरचे संकोचातून. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात आणि आपण त्यांना शांतता म्हणतो. बेलफास्ट शहरात १९९८ मध्ये शांतता करार झाला, पण कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंती अजून पुरत्या हटलेल्या नाहीत. आपल्याकडे भिंती नाहीत, एवढ्यावर समाधान मानावे काय?

महसूल खात्यातील नोकरीत एक गोष्ट शिकलो : एकाच बाजूचे जबाब घेऊन केलेला पंचनामा टिकत नाही. येथे दोन अन्यायांची वजाबाकी करावयाची नाही. रझाकारांचे अत्याचार सूडामुळे पुसले जात नाहीत आणि सूडही त्या अत्याचारांमुळे न्याय ठरत नाही. कारण सूडाला बळी पडलेला प्रत्येक विणकर वा शेतमजूर काही रझाकार नव्हता. एकाच्या अपराधासाठी त्याच्या धर्माच्या दुसऱ्याला शिक्षा करणे हेच मूळ पाप, मग ते कोणीही करो.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी प्राणांची किंमत देऊन मुसलमान विणकरांचे रक्षण केले. आपल्या मौनाखाली अपराधाबरोबर हे पुण्यही गाडले गेले. दुष्कृत्य लपविणाऱ्या समाजाला आपले सत्कृत्यही सांगता येत नाही.

हुमनाबादला लागून असलेल्या माणिकनगरात श्रीमाणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) सकलमत संप्रदायाची शिकवण दिली. सर्व मतांचा आदर करावयाचा, तर सर्वांच्या दुःखाचाही आदर त्यात आला. तेव्हा येत्या १७ सप्टेंबरला नातवंडांना गोरट्याची गोष्ट अवश्य सांगावी. मात्र त्याच बैठकीत त्यानंतरचीही सांगावी, आणि त्या विणकरांचीही. ती ऐकण्याचे वय त्यांचे झाले आहे. सांगण्याचे आपले वय मात्र सरत चालले आहे.