न दिसणाऱ्या दुकानदाराची अमानत



नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुका हा संत्र्यांचा मुलूख. शेजारचा काटोल आणि पलीकडे अमरावती जिल्ह्यातील वरुड व मोर्शी धरून हा सारा पट्टा संत्राबागांचा आहे. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उतरतात आणि मृग बहाराची साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. या दिवसांत जलालखेडा, मोवाड किंवा सावरगावच्या परिसरात तुम्ही कोणाच्या बागेत गेलात, तर हातावर संत्रे ठेवल्याशिवाय मालक तुम्हाला परत पाठवत नाही. अशा घरांतील मुलांना फळ विकत घ्यायची गरज क्वचितच पडते. त्यांच्यासाठी फळ म्हणजे झाडावरून तोडायची किंवा कोणी प्रेमाने दिलेली वस्तू.

आज अशाच घरांतील काही मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी परदेशात आहेत. आपण एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू या. नरखेड तालुक्यातील एका बागायतदाराचा मुलगा ब्रिटनमधील एखाद्या शहरात राहतो. शनिवारी संध्याकाळी तो सुपरमार्केटमध्ये फळे घ्यायला जातो. समोर स्पेन, मोरोक्को आणि दक्षिण आफ्रिकेतून आलेली लहान, घट्ट सालीची, बहुधा बिनबियांची संत्री रचून ठेवलेली असतात. प्रत्येक जातीच्या फळाजवळ देशाचे नाव आणि भाव लिहिलेला असतो. आपले संत्रे तेथे त्याला दिसत नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या आंबटगोड चवीचा लौकिक मोठा आहे. पण त्याची साल सैल, आत बिया आणि टिकण्याचे दिवस थोडे. तेवढ्यात गावाहून फोन येतो. “बेटा, तिकडे संत्री कशी मिळतात?” असे अब्बा विचारतात आणि मुलाला बागेची आठवण येते.

फोन ठेवून तो पुढे जातो. वाटेत द्राक्षे दिसतात. गोड आहेत की आंबट, हे पाहण्यासाठी तो एक मणी तोंडात टाकतो. मग केळी घेतो. तेथे केळी दोन प्रकारची आहेत, साधी आणि सेंद्रिय. सेंद्रिय केळ्यांचा भाव अधिक. तो ती घेतो आणि शेवटी स्वतः हिशेब करण्याच्या यंत्रापुढे उभा राहतो. हे यंत्र ग्राहकाला विचारते की, तराजूवर ठेवलेले फळ कोणते? पडद्यावर फळांची चित्रे असतात. ग्राहक ज्या चित्राला बोट लावील, तेच फळ आहे असे यंत्र मानते. मागे रांग उभी आहे, कोणी पाहत नाही आणि फरक तर काही पेन्सचाच. मुलगा साध्या केळ्यांच्या चित्रावर बोट ठेवतो.

हा मुलगा वाईट नाही, हे प्रथम लक्षात घ्या. तो नमाज पढतो, रमजानचे रोजे ठेवतो. याच दुकानात बिस्किटाचा पुडा हातात घेतला, तर त्यावरील बारीक अक्षरातील घटक वाचून जिलेटीन कशाचे आहे ते तपासतो. फळांच्या सालीवर चोळलेले मेण कशापासून बनते, याचीही त्याने आलिमांकडे चौकशी केली आहे. ही सावधगिरी स्तुत्य आहे. परंतु जे फळ त्याने घेतले ते मुळात हलाल, आणि ते ज्या मार्गाने पिशवीत आले तो मार्ग मात्र हलाल राहिला नाही, हे त्याच्या ध्यानात येत नाही. वस्तू वैध असणे आणि ती आपल्या मालकीची होण्याची रीत वैध असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्यापैकी अनेक जण पहिलीविषयी अत्यंत दक्ष आणि दुसरीविषयी गाफील असतात.

या मुलाला आपण टोकले तर तो काय म्हणेल? त्याची उत्तरे आपण शांतपणे ऐकली पाहिजेत, कारण तीच उत्तरे आपल्याही मनात कधी ना कधी येतात.

तो म्हणेल, “आपल्याकडे फळवाला स्वतःच फोड कापून हातावर ठेवतो. चव पाहणे हा गुन्हा कसा?” हे खरे आहे, पण त्यात फळवाला स्वतः देतो, ही गोष्ट महत्त्वाची. सूरह अन्-निसाच्या २९ व्या आयतीत एकमेकांची संपत्ती अनुचित मार्गाने खाण्यास मनाई केली आहे आणि परस्पर संमतीने होणाऱ्या व्यापाराला त्यातून वगळले आहे. संमती शब्दांनी दिली जाते, तशीच रूढीनेही दिली जाते. नागपूरच्या बाजारात फोड हातावर ठेवणे ही रूढी आहे. सुपरमार्केटमध्ये जेथे बशीत फोडी मांडून ठेवल्या असतील, तेथे त्या अवश्य खा. जेथे नसतील, तेथे कर्मचाऱ्याला विचारा. तो हो म्हणाला तर एक मणी खाण्यास हरकत नाही. विचारायला लागणारा अर्धा मिनिट हाच या दोन घासांमधील फरक आहे.

येथे कोणी हदीसमधील एक सवलत पुढे करील. गरजू वाटसरूने बागेतील फळ तेथेच खाल्ले आणि पदरात बांधून नेले नाही, तर त्याच्यावर दोष नाही, अशा आशयाची शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. नरखेडचे बागायतदारही झाडाखाली पडलेले फळ उचलणाऱ्या भुकेल्याला हटकत नाहीत. पण ही सवलत भुकेसाठी आहे, चव पाहण्यासाठी नाही. ज्याच्या खिशात फळाची किंमत आहे आणि जो ती देण्यासाठीच दुकानात आला आहे, त्याने स्वतःला भुकेला वाटसरू म्हणवून घेणे हा त्या सवलतीचा अपमान आहे.

तो पुढे म्हणेल, “इतकी क्षुल्लक गोष्ट! एक मणी, चार पेन्स!” मग आपण त्याला खजुराच्या एका दाण्याची आठवण करून द्यावी. प्रेषितांना (स.) वाटेत पडलेला एक खजूर दिसला. तो दानाचा असेल अशी शंका नसती तर आपण तो खाल्ला असता, असे ते म्हणाले. आणि दान त्यांच्यासाठी वर्ज्य होते. त्यांचे लाडके नातू आदरणीय हसन (रजि.) यांनी बालपणी सदक्याचा एक खजूर तोंडात टाकला, तेव्हा प्रेषितांनी (स.) तो त्यांना टाकायला लावला. मूल लहान होते, खजूरही एकच होता. तरीही तो आपला नाही हे त्या मुलाला तेव्हाच कळावे, असे त्यांना वाटले. वस्तू जितकी लहान, तितकी मनाची परीक्षा अधिक कठीण; कारण मोठ्या चोरीला मन स्वतःच घाबरते, लहानीला सबब शोधून देते.

तिसरी सबब जास्त गंभीर आहे. “एवढी मोठी कंपनी! असले नुकसान तिने आधीच भावात धरलेले असते. शिवाय ते आपले लोक थोडेच आहेत?” वाचकहो, कंपनीने नुकसान भावात धरले असेल, तर त्याचा अर्थ असा की आपण न दिलेले पैसे रांगेतील दुसरे ग्राहक देत आहेत, आणि त्यांत आपल्याहून गरीबही असतील. राहिला ‘आपले’ आणि ‘परके’ हा भेद. त्याचे उत्तर दिव्य कुरआनने सूरह आलि-इमरानच्या ७५ व्या आयतीत देऊन ठेवले आहे. तेथे ग्रंथधारकांपैकी दोन प्रकारच्या माणसांचा उल्लेख येतो. एकाकडे संपत्तीचा ढीग ठेवला तरी तो परत करतो. दुसरा एक दीनारसुद्धा परत करीत नाही, जोपर्यंत कोणी त्याच्या डोक्यावर उभा राहत नाही. का? तर बाहेरच्या लोकांच्या बाबतीत आपल्यावर काही बंधन नाही, असे तो मानतो. अल्लाहने या विचाराला स्वतःवर रचलेले असत्य म्हटले आहे. जो विचार दुसऱ्यांच्या तोंडी कुरआनने धिक्कारला, तो आपल्या तोंडी आल्याने पवित्र होईल काय?

हिजरतच्या रात्रीची आठवण करा. मक्केचे लोक प्रेषितांच्या (स.) जिवावर उठले होते, आणि त्याच लोकांच्या ठेवी त्यांच्याकडे होत्या. त्या मालकांना परत करण्यासाठी त्यांनी आदरणीय अली (रजि.) यांना मागे ठेवले. शत्रूची अमानत जर परत करावी लागते, तर ज्या देशाने आपल्याला शिकायला, राबायला आणि नमाज पढायला जागा दिली, तेथील दुकानदाराची अमानत किती मोठी!

आता पुन्हा नरखेडला येऊ या, कारण या प्रश्नाचे मूळ तेथेच नीट कळते. संत्र्याचे झाड लावल्यावर पहिला चांगला बहार यायला पाच-सहा वर्षे जातात. त्यानंतरही पाण्याचा ताण, कोळशी, डिंक्या, फळगळ, गारपीट यांतून जे वाचेल ते शेतकऱ्याचे. असा माल काट्यावर जातो आणि तेथे कोणी काही किलो उगाच कापून घेतले, तर त्या घरात रात्री जेवण गोड लागत नाही. त्या मुलाने लहानपणी अब्बांचा तो चेहरा पाहिला आहे. पैशांपेक्षाही, समोरच्याने आपल्या विश्वासाचा फायदा घेतला, हे दुःख मोठे असते. तोलात मारणाऱ्यांविषयी कुरआनमध्ये सूरह अल्-मुतफ्फिफीन आहे. स्वतः घेताना पुरेपूर घेणारे आणि दुसऱ्यांना देताना कमी देणारे, अशांच्या विनाशाने तिची सुरुवात होते. आणि एका महान दिवशी आपल्याला उठवले जाणार आहे, याचे त्यांना भान नाही काय, असा प्रश्न लगेच विचारला जातो. आदरणीय शुऐब (अ.) यांच्या मदयनवासीयांना दिलेल्या उपदेशातही एकेश्वरत्वापाठोपाठ माप आणि वजन पुरे देण्याची आज्ञा येते.

त्या यंत्रापुढे तराजू मुलाच्या हाती आहे. काट्यावर अब्बांशी जो वागला, त्याच जागी आता तो उभा आहे. फरक इतकाच की येथे फसवला जाणारा माणूस दिसत नाही. पण न दिसणारा माणूस म्हणजे नसलेला माणूस नव्हे. त्या फळामागे कोण्या दूरच्या देशातील बागायतदार आहे, तोडणारा मजूर आहे, पहाटे फळे रचणारा कर्मचारी आहे. फळ नखाने टोचून, दाबून परत ठेवणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे. डागाळलेले फळ दुसरा कोणी घेत नाही, ते फेकले जाते. आणि अल्लाहने फळे खाण्याची मुभा देतानाच नासाडीची मनाई केली आहे.

केवळ ग्राहकालाच दोष देऊन थांबणे मात्र न्याय्य होणार नाही. पेटीत वर मोठी, टवटवीत संत्री आणि खाली बारीक, नरम फळे भरणारे हात आपल्याकडेही आहेत. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आमच्यापैकी नाही, असे बजावले. जे मूल घरी पेटी भरताना ही युक्ती पाहते, त्याला परदेशातील यंत्रापुढे प्रामाणिक राहा असे सांगण्याचा अधिकार आपण गमावलेला असतो.

ज्याच्या हातून अशी चूक झाली असेल, त्याने निराश होऊ नये. दुसऱ्याच्या हक्काच्या बाबतीत केवळ पश्चात्ताप पुरत नाही; हक्क परत करावा लागतो. अंदाजाने, थोडा जास्तच हिशेब करावा आणि ती रक्कम त्या दुकानाला पोहोचवावी. सांगण्याची लाज वाटत असेल, तर एका वस्तूचे दोनदा पैसे भरून वस्तू एकच न्यावी. दुकान बंद झाले असेल किंवा मालकाचा ठाव लागत नसेल, तर त्याच्या वतीने दान करावे. शंका असल्यास जवळच्या आलिमांना विचारावे.

आणि ज्यांची मुले दूर आहेत अशा माता-पित्यांनो, पुढच्या वेळी फोनवर फळांची गोष्ट निघाली, तर चवीबरोबर तोलाविषयीही विचारा. टोचून नव्हे, प्रेमाने. अब्बांचा तो काट्यावरचा दिवस मुलाला आठवू द्या. यंत्रापुढे उभे असताना त्याला बहुधा कॅमेऱ्यापेक्षा तोच आठवेल, आणि त्याही आधी तो आठवावा, ज्याच्यापासून झाडावरून गळणारे एक पानसुद्धा लपलेले नाही.

अल्लाह आपल्याला आणि आपल्या संततीला देताना पुरे देण्याची आणि घेताना हक्काचेच घेण्याची सद्बुद्धी देवो, आणि आपल्या बागांत व आपल्या कमाईत बरकत देवो. आमीन.