आधी आत घ्या

जानेवारीत जबलपुरात नर्मदेकडून येणारा वारा अंगाला झोंबतो. अशा सकाळी रिक्षाला उशीर झाला म्हणून माझ्या मुलीला शाळेच्या फाटकाबाहेर उभं ठेवलं. शिस्त मलाही हवी आहे. पण उशीर रिक्षाचा आणि कुडकुडायचं लेकराने, ही कुठली शिस्त? १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं. त्याच्या कितीतरी आधी गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या बालमंदिरात शिक्षेवाचून मुलं शिकवून दाखवली होती. पालकहो, गप्प राहू नका; शाळेला लेखी विचारा. आणि गुरुजनहो, मुलांना आधी आत घ्या, उशिराचं कारण मग विचारा.